चित्र की चाल

ती कॉम्प्युटर आणायला गेली तेव्हा दुकानदार मान खाली घालून एका पंख्यातली धूळ ब्रशने झाडत बसला होता. दुकान कसलं, जिन्याखालची जागा. भिंतीवर वायरींची जुडगी लोंबत होती आणि टेबलावर दोनतीन यंत्रं पोट उघडं टाकून पडली होती.

"न्या वहिनी, तयार आहे," तो म्हणाला. "आतून साफ केलाय, पंखा नवा घातलाय. पण साहेबांना माझा एक निरोप द्या. म्हणावं, चित्र हवं की चाल हवी, ते एकदा ठरवा."

"म्हणजे?"

"म्हणजे असं बघा. ट्रेनचा गेम ना? सगळी सेटिंग्ज वर नेली की चित्र असं दिसतं, गवताचं पातं न् पातं मोजून घ्या. पण मग गेम अडखळतो. ब्रेक दाबला आज, लागला उद्या. सेटिंग्ज खाली आणली की गाडी लोण्यासारखी चालते, पण झाडं पुठ्ठ्याची आणि माणसं म्हणजे खुंट्या. म्हाताऱ्या घोड्यावर भरजरी झूल घातली म्हणून तो शर्यत जिंकत नाही हो. कुठेतरी मधलं गाठावं लागतं. साहेबांना मधलं नकोच आहे."

"त्यांना बोगद्यातलं बघायचंय," ती बोलून गेली.

"बोगद्यात काय बघायचं असतं? काळोखच ना?" तो हसला.

ती हसली नाही. यंत्र उचलायलाही पुढे झाली नाही. दुकानदाराला वाटलं, जड आहे म्हणून घाबरली असेल. तिला कशाची भीती वाटत होती ते कळायला थोडं मागे जावं लागेल.

लग्न इतकं नवं होतं, की कुठल्या डब्यात साखर आणि कुठल्या डब्यात मीठ हे अजून झाकण उघडल्याशिवाय तिला कळत नसे. सकाळी ती चष्म्याच्या दुकानात कामाला जायची. गिऱ्हाइकाच्या डोळ्यासमोर एकामागून एक भिंगं धरायची आणि विचारायची, "हे बरं की हे बरं? आता स्पष्ट की मघाशी?" नवरा शीतगृहातली यंत्रं सांभाळायचा. तो कमी बोलायचा आणि तीही कमी बोलायची. सासूबाई म्हणायच्या, घरात दोन मुके आणून ठेवलेत आणि बोलायचं सगळं काम माझ्या एकटीवर टाकलंय.

घरात सवत आहे असं कुणी आधी सांगितलं असतं तर तिने तयारी तरी केली असती. ही सवत आतल्या खोलीत टेबलावर होती, पलंगाच्या उशाशी, आणि रोज संध्याकाळी मालगाडी ओढत होती. नवरा कामावरून आला की हातपाय धुऊन तिच्यापुढे बसायचा.

"वाईट नाद नाही हो त्याला कसला," सासूबाई सुनेला समजावायच्या. "बसतो आपला गाडी चालवत. थोरला खऱ्या चालवायचा, हा खोट्या."

थोरला, म्हणजे तिचे मोठे दीर, तिने पाहिले नव्हते. त्यांचा फोटो होता, पण तो कपाटात, कपड्यांच्या घडीखाली. भिंतीवर लावला तर माणूस गेला असं कबूल केल्यासारखं झालं असतं. ते मालगाडीवर असिस्टंट ड्रायव्हर होते. त्या नोकरीत एक शिस्त असते. समोर सिग्नल दिसला की ड्रायव्हरने मोठ्याने रंग सांगायचा, आणि असिस्टंटने स्वतःच्या डोळ्यांनी पाहून तो पुन्हा सांगायचा. दोन तोंडांतून एकच रंग आला तरच गाडी पुढे. नाही जुळला, तर गाडी जागच्या जागी उभी करायची आणि एकाने खाली उतरून, सिग्नलपाशी चालत जाऊन, खरं काय ते बघून यायचं. डोंगरातल्या लांब बोगद्यात एके दिवशी ड्रायव्हर म्हणाला हिरवा, आणि थोरला म्हणाला लाल. गाडी थांबली. थोरला बॅटरी घेऊन उतरला. बॅटरीचा उजेड जाताना ड्रायव्हरला दिसला. येताना दिसला नाही.

बोगदा दोन्ही तोंडांकडून धुंडाळून झाला. बूट मिळाला नाही, बॅटरी मिळाली नाही. रडायचं तरी कशावर, हे त्या माउलीला कुणी सांगू शकलं नाही.

लहानपणी हे दोघे भाऊ पलंगावर बसून गाडी गाडी खेळायचे. थोरला ड्रायव्हर, धाकटा असिस्टंट, पलंग म्हणजे इंजिन, आणि आई म्हणजे एकूण एक प्रवासी. कुणा हौशी माणसाने, कुठल्या देशात बसून कोण जाणे, तो डोंगरातला मार्ग खांब न् खांब खरा बनवून गेमसाठी देऊन टाकला होता. तिचा नवरा तोच चालवायचा, एकट्याने, आणि सिग्नल आला की मोठ्याने रंग सांगून थोडा थांबायचा. उत्तर अर्थातच यायचं नाही.

एकदा ती स्वयंपाकघरात भांडी घासत होती. आतून आवाज आला, "पिवळा..." आणि मग ती नेहमीची शांतता. तिला काय वाटलं कुणास ठाऊक, तिने तिथूनच हाक दिली, "पिवळा!"

हात पुसत ती दारात आली तेव्हा आता बोलणी बसणार अशीच तिची खात्री होती. तो खुर्ची वळवून तिच्याकडे बघत होता. हसत होता. लग्नाच्या फोटोतसुद्धा तो असा हसला नव्हता.

"बस," तो म्हणाला आणि पायाने डावीकडचं स्टूल पुढे सरकवलं.

खरं सांगायचं तर त्यांचं लग्न त्या दिवशी लागलं. जिला कधी सायकल आली नाही, ती डोंगराएवढं ओझं घेऊन घाट चढू लागली. ब्रेक गरज पडायच्या आधी लावायचा असतो, हे तिला कळलं. उतारावर गाडीला बोलण्यात गुंतवून ठेवल्यासारखं आवरावं लागतं, हेही कळलं. स्क्रीनच्या काचेवर पाऊस लागला की तिच्या अंगावर काटा यायचा आणि वायपर फिरू लागले की घरात बसल्या बसल्या सुखाची झोप यायची. फाटकापाशी हॉर्न द्यायचं काम तिचं होतं. ते ती जरा जास्तच मन लावून करायची.

एकदा त्याने गाडी फलाटाच्या पार पुढे नेऊन थांबवली.

"बरं झालं," ती म्हणाली, "स्टेशनमास्तरांचं चालणं होईल तेवढंच."

"असिस्टंटने जिभेला ब्रेक लावावा."

"आधी ड्रायव्हरने गाडीला लावून दाखवावा."

पलीकडच्या खोलीत सासूबाई एकट्याच खूप वेळ हसत होत्या.

तेव्हा सगळी सेटिंग्ज खाली होती. झाडं पुठ्ठ्याची, डोंगर सपाट, आकाशाला एकच रंग. पण गाडी कशी चालायची! बोटाने दाबलं आणि चाकाला कळलं. बोगदा मात्र नुसता काळा चौकोन होता. तो आला की नवरा गप्प व्हायचा आणि बाहेर पडेपर्यंत श्वास धरून ठेवायचा.

जित्याची खोड म्हणतात ती अशी. दिवसभर लोकांना स्पष्ट दाखवणाऱ्या तिला तो गिचमिड काळोख सहन होईना. "जरा स्पष्ट करून बघा ना," ती म्हणाली.

त्याने केलं. बोगद्याला भिंती आल्या. भिंतींना दगड आले, दगडांवरून झिरपणारं पाणी आलं. गाडी येताना कामगारांनी आत सरकून उभं राहावं म्हणून भिंतीत ठेवलेले माणूसभर उंचीचे कोनाडे दिसू लागले. गेम जरा जड झाला, पण चालत होता. आणि अर्ध्याच्या पुढे एका कोनाड्यात काहीतरी करडं सरकन मागे गेलं.

त्याने गाडी थांबवली. 

"बघितलंस?"

"...हो."

"मी सांगणार नाही. तूही सांगू नकोस. एकदम बोलू."

आणि दोघांच्या तोंडून एकदमच आलं, "माणूस."

तिथून घर उताराला लागलं. जेवढं चित्र स्पष्ट करावं तेवढा गेम नेमका त्या कोनाड्यापाशी अडखळायचा. स्क्रीन गोठायची, आणि सुटायची तेव्हा कोनाडा मागे पडलेला असायचा. गाडी हळू न्यावी तर गेमच बंद पडायचा. चित्र कमी करावं तर कोनाडा रिकामा. नवऱ्याने कामावर जाणं सोडलं. शीतगृहातून फोन यायचे, वाजून वाजून थांबायचे. सासूबाईंनी सगळं ऐकलं, आणि त्या दिवसापासून त्याही पलंगाच्या कडेवर येऊन बसू लागल्या. हसणं बंद झालं. दर थोड्या वेळाने एकच प्रश्न.

"दिसला का रे?"

"दिसेल, आई."

मग त्याला युक्ती सुचली. बोगद्यात जे नाही ते कशाला हवं? त्याने झाडांची पानं कमी केली. गेम थोडा मोकळा झाला. दुसऱ्या सकाळी ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी होती, आणि समोरच्या झाडात काहीतरी चुकलेलं होतं. वारा होता, वाळत घातलेले कपडे उडत होते, पण झाड हलत नव्हतं. कापून चिकटवल्यासारखं ते उभं होतं, आणि कितीही डोळे बारीक केले तरी त्यात एक सुटं पान दिसेना. आधी तिला वाटलं, आपल्यालाच चष्मा लागला.

मग त्याने सावल्या बंद केल्या.

ती चहा ओतत होती. कप उचलला, आणि कपाखाली सावली नव्हती. तिने हात पुढे केला. ओट्यावर हाताचीही नव्हती. सकाळचं ऊन सरळ आत आलेलं होतं आणि घरातली प्रत्येक वस्तू जमिनीला न टेकल्यासारखी दिसत होती.

"अहो..." ती आतल्या खोलीत धावली. "सावल्या..."

"बंद केल्यात," तो स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला. "आता बरीच मोकळी चालतेय."

"गेममधल्या नव्हे... इथल्या. घरातल्या. आई, तुम्ही तरी बघा ना!"

सासूबाईंनी बघितलं. त्यांनी आपले दोन्ही हात उलटसुलट केले, जमिनीकडे पाहिलं, आणि मग हात मांडीखाली दडवले.

"दिसेल ना रे तो आता?" त्या म्हणाल्या.

सुदैव म्हणायचं, त्याच दिवशी कॉम्प्युटर तापून बंद पडला. जळक्या धुळीचा वास घरभर भरला, आणि त्याच क्षणी बाहेरचं झाड सळसळलं. टेबलाखालून सावली हळूच बाहेर आली. तिने त्या सावलीवर हात ठेवला, ती खरोखर गार होती. नवऱ्याने तोच कॉम्प्युटर उचलून या जिन्याखालच्या दुकानात आणून टाकला होता.

आणि आज तो तयार होता.

"भाऊ," ती दुकानदाराला म्हणाली, "दुरुस्त होत नाही असं सांगाल का त्यांना? मी हात जोडते. सांगा, जळला म्हणून."

तो ब्रश खाली ठेवून तिच्याकडे बघत राहिला. "सांगितलं असतं हो वहिनी. पण त्यांचा आत्ताच फोन येऊन गेला. तयार आहे म्हणून मीच बोलून बसलो. म्हणाले, बायकोला पाठवलंय, तिच्यापाशीच द्या." मग जरा दबकत, "घरात काही...?"

"नाही," ती म्हणाली. "सगळं ठीक आहे."

यंत्र दोन्ही हातांनी छातीशी धरून ती निघाली. रस्त्यावर तिची सावली पुढे पुढे चालत होती, पोटाशी एक चौकोनी ओझं घेतलेली. वाटेत दगडी पायऱ्या होत्या. तिथे ती थांबली. हात सोडले असते की झालं असतं. पाय घसरला म्हटलं असतं. पण वर पाहिलं तर गच्चीच्या कठड्याशी नवरा उभा होता, त्याच्या शेजारी सासूबाई, आणि दोघंही वाकून तिच्या हातांकडे बघत होती. किती दिवसांनी कुणीतरी त्या घरातून तिची अशी वाट बघत होतं.

तिने हात सोडले नाहीत.

नवऱ्याने तिथल्या तिथे वायरी जोडल्या. टळटळीत दुपार होती, त्याने पडदे ओढून घेतले. टेबलावरचा पंखा उघड्या यंत्राच्या पोटाशी लावला. पानं गेली. सावल्या गेल्या. ढग गेले, पाणी गेलं. नळाखाली बादली भरत होती, तिचा आवाज येत राहिला, पण धार काचेच्या कांडीसारखी निश्चल झाली.

"अजून थोडं कमी पडतंय," तो म्हणाला. माउसचा बाण एका ओळीवर येऊन थांबला. तिने वाचलं. माणसं.

"अहो, नको..."

"फलाटावरची माणसं आहेत. त्यांचं काय काम?"

"तुम्हाला माहीत आहे मी काय म्हणतेय ते."

तेव्हा त्याने तिच्याकडे पाहिलं. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदाच असेल. डोळे लाल होते, दाढी वाढलेली, आणि चेहऱ्यावर नुसती काकुळती. "तू स्टुलावर बस," तो हळूच म्हणाला. "स्टुलावर बसलीस की तू केबिनमध्ये. केबिनला काही होत नाही, मी बघून ठेवलंय. आई, तूही. पलंगावरून हलू नकोस."

"मी कशाला हलतेय," सासूबाई म्हणाल्या. "मी प्रवासी." आणि मग, सुनेकडे न बघता, "कर रे कमी."

त्याने केलं.

खालच्या रस्त्यावरचा आवाज कापल्यासारखा थांबला. कुणीतरी कुणाला तरी हाका मारत होतं, ती हाक अर्ध्यावर तुटली. तिने पडदा बोटभर सरकवला. रस्त्यात एक सायकल आडवी पडली होती आणि तिचं मागचं चाक अजून फिरत होतं. वरच्या मजल्यावरून एक चेंडू टप्पे घेत जिना उतरला. त्याच्यामागून कुणी आलं नाही.

"असिस्टंट," नवरा म्हणाला. "गाडी निघतेय."

ती येऊन स्टुलावर बसली. दुसरं कुठे बसणार होती?

गाडी निघाली, आणि तशी चाल तिने कधी अनुभवली नव्हती. लोणी नव्हे, तेल नव्हे, पाण्यावरून सावली जावी तशी ती चालली होती. बाहेर काहीच उरलं नव्हतं. रूळ, खांब आणि सिग्नल.

"हिरवा."

"हिरवा," ती म्हणाली.

"पिवळा."

"पिवळा..."

बोगद्याचं तोंड आलं आणि त्यांना गिळून मिटलं. खोलीत गारवा उतरला. ओल्या दगडाचा, डिझेलचा, खूप जुन्या धुराचा वास आला. कोनाडे एकामागून एक जाऊ लागले, लख्ख, दगड न् दगड वेगळा. स्क्रीन एकदाही अडखळली नाही. त्याने गरज पडायच्या कितीतरी आधी ब्रेक लावला, हळूहळू आवरत आणलं, आणि गाडी थांबली. अगदी बरोबर समोर.

कोनाड्यात माणूस भिंतीकडे तोंड करून उभा होता. हातातली बॅटरी विझलेली होती.

"थोरल्या..." सासूबाईंच्या गळ्यातून हुंदका आला. "अरे थोरल्या, इकडे बघ रे..."

तो वळला.

इतकं स्पष्ट तिने आयुष्यात काही पाहिलं नव्हतं. शर्टाच्या बटणातला दोरा दिसत होता. चेहरा कपाटातल्या फोटोतलाच होता, एका रेषेचाही फरक नव्हता. डोळे मात्र स्क्रीनमधून बाहेर बघत होते. ते आईवर थांबले, मग भावावर. मग तिच्यावर, आणि तिच्यावर जरा जास्त वेळ, आपल्या जागेवर आधीच कुणी बसलेलं दिसावं तसे.

मग तो पुढे आला, इंजिनाच्या शिडीच्या दांड्याला हात घातला, आणि स्क्रीनच्या डाव्या कडेबाहेर गेला.

तिचा डावा खांदा गार पडला. ती मान वळवू शकली नाही. तिच्या कानाशी कुणीतरी श्वास घेत होतं, ओला, दगडाच्या वासाचा. पुढे, बोगद्याच्या आत, एक सिग्नल पेटला.

"हिरवा," तो श्वास म्हणाला. आवाज स्पीकरमधून आला नव्हता.

नवऱ्याच्या गालावरून पाणी ओघळत होतं. लहान मुलासारखं त्याचं तोंड उघडलं, उत्तर द्यायला. त्या एका क्षणात तिला सगळं उमगलं. दोन तोंडांतून एकच रंग आला की गाडी पुढे जाणार. आणि सिग्नलच्या पलीकडे आज काहीच उरलेलं नव्हतं. रूळ नव्हते, भिंती नव्हत्या. दुसऱ्या टोकाचा उजेड नव्हता. नुसता काळा चौकोन.

"लाल!" ती ओरडली.

त्याचा हात थबकला. "...काय?"

"लाल आहे."

"नीट बघ."

"लाल. मला लाल दिसतोय."

"अगं हिरवा आहे तो!" सासूबाई मागून तिचा खांदा गदागदा हलवू लागल्या. "हिरवा म्हण! तुझ्या पाया पडते, हिरवा म्हण गं..."

"हिरवा," कानाशी पुन्हा आवाज आला, शांत.

"लाल..." ती म्हणाली. सिग्नल हिरवागार होता. तिला तो दिसत होता. चष्म्याच्या दुकानात नोकरी करणाऱ्या बाईला हिरवा कळत नाही का? पण तिला गाडी रोखायची होती. दुसरं काहीच सुचत नव्हतं.

नवऱ्याने ब्रेक पूर्ण ओढला. मग डोळे पुसले आणि समजूतदारपणे मान हलवली.

"जुळत नाहीये," तो म्हणाला. "उतरून बघायला हवं."

तेव्हा तिला कळलं, आपण काय केलं ते.

"नाही! थांबा... हिरवा आहे, हिरवाच आहे! मी चुकले, खोटं बोलले मी..."

"आता फिरवून चालत नाही. जुळलं नाही की उतरायचं असतं." हे तो अगदी प्रेमाने म्हणाला. तिने त्याचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. पण एक बोट मोकळं होतं. त्या बोटाने त्याने एक कळ दाबली.

स्क्रीनवर केबिनचं दार उघडलं. शिडी आली, मग खडी. बॅटरीचा उजेड पेटला आणि रुळांच्या कडेने पुढे निघाला, वर खाली होत, माणसाच्या चालीने. खडीवर पावलं वाजत होती. हातातला हात गार होत गेला. "अहो..." ती म्हणत राहिली, "अहो, मागे फिरा... अहो..." उजेड मुठीएवढा झाला, मग दाण्याएवढा.

यंत्राच्या पोटात काहीतरी फुटलं. जळका वास आला, पंखा थांबला आणि स्क्रीन विझली.

खाली कुणीतरी अर्धी राहिलेली हाक पूर्ण केली. सायकलवाला कुणाला तरी शिव्या देत उठला. तिने पडदा फाडल्यासारखा ओढला. ऊन आत आलं, आणि टेबलाखाली, खुर्चीखाली, पलंगाखाली सगळीकडे सावल्या होत्या.

नवरा खुर्चीतच बसलेला होता.

"अहो?"

त्याने डोळे उघडले. खोलीकडे, छताकडे, आपल्या हातांकडे पाहिलं. "जळला वाटतं," तो म्हणाला.

ती त्याच्या कुशीत शिरून रडली. त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला, जरा अवघडल्यासारखा.

कॉम्प्युटर भंगारात गेला. दुकानदाराने नुसता वास घेऊनच हात जोडले. नवरा दाढी करून कामावर जाऊ लागला. वेळेवर येऊ लागला. भूकही वाढली त्याची. कमी बोलायचा, पण तो आधीही कमीच बोलायचा. तिने हाक मारली तर बऱ्याचदा लक्ष नसायचं. थकवा असेल, ती स्वतःला सांगायची. एवढ्या दिवसांचं जागरण आहे, निघायला वेळ लागणारच. सासूबाई मात्र एकदम वीस वर्षांनी लहान झाल्यासारख्या घरभर वावरत होत्या.

मग एके दिवशी तिघं जेवायला बसली होती. तिचं लक्ष ताटाकडे होतं. सासूबाई हलक्या आवाजात, सवयीने बोलावं तशा म्हणाल्या,

"थोरल्या, पाणी आण रे."

तो लगेच उठला.

तिच्या हातातला घास हातातच राहिला. तिने सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान वर केली नाही. तो पाणी घेऊन आला, आईच्या पेल्यात ओतलं, आणि आपल्या जागेवर बसून जेवू लागला.

"अहो..." ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही. म्हणून पुन्हा म्हणाली, "अहो..."

समोर बसलेल्या माणसाने भाजी वाढून घेतली.

आणि मग बऱ्याच वेळाने, आतल्या रिकाम्या खोलीतून, फार लांबून, दगडांवर आपटत आपटत यावं तसं उत्तर आलं.

"ओ..."

जेवणाऱ्याचे हात थांबले नाहीत. सासूबाई उठल्या. आतल्या खोलीपाशी गेल्या, दार ओढून घेतलं, आणि कडी घातली. कडीवरचा हात त्यांनी कितीतरी वेळ काढला नाही.

परत येऊन त्या ताटावर बसल्या.

"जेव गं," त्या सुनेला म्हणाल्या. "गार होतंय."